बोक्सिमच्या हातची किमची

कोरियातल्या त्या गावात हिवाळाभर पुरेल एवढी किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं, दरवर्षी नोव्हेंबरात बोक्सिमच्याच अंगणात व्हायची. पाच घरांच्या बायका जमायच्या, दोनशे कोबी मिठात मुरलेले असायचे, पण मसाला कालवायचा तो एकट्या बोक्सिमनं. तिच्या हाताला चव आहे हे तिच्याशी भांडलेल्या बायकाही कबूल करायच्या.

यंदा तिनं काहीतरी निमित्त काढून अंग काढून घ्यावं, असं नवऱ्याचं, सांग-मानचं म्हणणं होतं. एप्रिलमध्ये ग्वांगजूच्या इस्पितळात तिच्या आतड्याचा कॅन्सर काढला, तेव्हापासून पोटाच्या डाव्या बाजूला शौचाची पिशवी कायमची चिकटली होती. गावात मात्र गर्भाशयाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. "कळलं तर तुझ्या हातचं कुणी तोंडात घालणार नाही," सांग-मान म्हणाला होता. मी घोरतो, तुझी झोपमोड होते, असं सांगून त्यानं आपलं अंथरूणही दुसऱ्या खोलीत नेलं होतं. पस्तीस वर्षं तो घोरतच होता, तेव्हा कुणाची झोपमोड झाली नव्हती.

पण किमचीला बोक्सिम नाही म्हटल्यावर गावानं दहा तर्क केले असते. म्हणून ती बसली. पिशवी गप्प राहावी म्हणून दोन दिवस नुसती पेज प्यायली होती. सात महिने हेच चाललं होतं. कुठं जायचं म्हटलं की आधी उपास, आणि गेल्यावर सगळा जीव पोटाशी. कॅन्सरनं थकवलं नव्हतं एवढं तिला या पहाऱ्यानं थकवलं होतं.

मसाल्यातल्या आंबवलेल्या मासळीचा असा भपकारा सुटला होता, की त्यात दुसरा कुठला वास कुणाला येणं शक्य नव्हतं. तिनं मनोमन त्या मासळीचे आभार मानले.

दुपारी उकडलेलं डुकराचं मांस आलं. मसाला कालवणारीनं नुकत्याच मसाला लावलेल्या कोबीच्या पानात मांसाचा तुकडा गुंडाळून प्रत्येकीला आपल्या हातानं भरवायचा, अशी रीत. बोक्सिमच्या हातून पहिला घास शेजारच्या मल्सूननं घेतला. तिचे गाल फुगलेले असतानाच थोरल्या जावेनं, कुम्रेनं, एक पान गुंडाळून बोक्सिमच्या तोंडासमोर धरलं.

बोक्सिम म्हणाली, भूक नाही.

"ऑपरेशनपासून फार नाजूक झालीस," कुम्रे म्हणाली. "का माझ्या हातचं चालेनासं झालं?"

सगळ्यांचे हात थांबले. चारचौघींत थोरल्या जावेचा घास परतवणं म्हणजे तिच्या थोबाडीत मारण्यासारखंच. कच्चा लसूण आणि तिखट पोटात गेलं की मात्र पिशवी फुगायची, आवाज करायची. आणखी एक थाप सुचली असती, पण ती मारायचं त्राण बोक्सिममध्ये उरलं नव्हतं.

"तुमच्या हातचं का नाही चालणार, जाऊबाई? मला आतड्याचा कॅन्सर झाला होता. माझी शी आता पोटावरच्या पिशवीत येते. तिच्या धाकानं मी दोन दिवस जेवले नाही."

मल्सूनचं चावणं थांबलं. बोक्सिमला बाकी कुणी दिसेना, फक्त तो फुगलेला गाल दिसत होता. नळ दोन पावलांवर होता. मल्सूनची नजर एकदा तिकडे गेली. मग काढा प्यावा तसे डोळे मिटून तिनं घास गिळला.

"छान झालीय, ताई," ती म्हणाली, आणि घाईघाईनं पाणी प्यायली.

बोक्सिमला वाईट वाटलं. पण घास पोटात गेला होता, आणि तेवढ्यावर तिला धीर आला. तिनं दुसरं पान गुंडाळलं आणि कुम्रेसमोर धरलं.

"आ करा, जाऊबाई."

कुम्रेनं एकदा तिच्या पोटाकडे पाहिलं, एकदा पानाकडे. मग तिनं तोंड उघडलं. सावकाश चावलं, गिळलं आणि कपाळाला आठी घातली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "चाखायचं सोडून उपास कसले करतेस?"

मीठ खरंच कमी होतं. बोक्सिमनं मसाला चाखलाच नव्हता. ती रडू लागली, आणि बायका मीठ आणायला उठल्या.