ब्रशाने लावलेलं लोणी

आमच्या गल्लीतल्या बेकरीच्या उस्तादाचा पाव इतका हलका असायचा, की खिडकी उघडी असली तर ट्रेवर वजन ठेवावं लागे. एकदा विसरले, तर अर्धे पाव समोरच्या शिंप्याच्या छपरावर जाऊन बसले. तुमचा विश्वास बसणार नाही. शिंप्याचाही बसला नव्हता, पण पाव त्यानेच खाल्ले.

असो. ही गोष्ट पावाची नाही, हाताची आहे. आणि हात उस्तादाचा नाही, त्याच्या सुनेचा.

उस्तादाची कंबर गेली होती. मुलगा ट्रकवर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा. दुकान उस्तादाच्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या नावावर. ती दिवसभर गल्ल्यावर बसायची आणि सगळे निकाल तिथूनच द्यायची. तिने सांगून टाकलं होतं की उन्हाळा सरला की भट्टी सुनेच्या हाती. सून इतकी वर्षं पीठ तिंबत होती ती याच एका दिवसासाठी. भट्टीसमोर उभी राहिली की तिच्या चेहऱ्यावर असा उजेड पडायचा, की आक्का म्हणायची, दिवा बंद करा, बिल वाचेल.

बेकरीत उस्तादाचा एक नियम होता. भट्टीपाशी पाणी आणायचं नाही. ओल्या फडक्याने तापलेला ट्रे धरला की फडक्यातलं पाणी उकळतं आणि तळहात आतून शिजून निघतो, म्हणून फडकं कोरडंच हवं. नियम शंभर टक्के खरा. पण उस्तादाने तो ताणून ताणून पार भाजलेल्या कातडीपर्यंत नेला. भाजल्यावर पाणी लावलं तर फोड हाडापर्यंत उतरतो, असं तो छातीठोक सांगायचा. खुद्द अग्निशमन दलाच्या साहेबाचा हात आपण लोण्याने बरा केला, ही थाप तर मी स्वतः त्याच्या तोंडून निदान पन्नास वेळा ऐकली, आणि दर वेळी साहेबाचा हुद्दा वाढलेला असायचा.

मग एका सकाळी सुनेच्या हातून फडकं निसटलं आणि उजव्या हाताची मागची बाजू मनगटापर्यंत भट्टीच्या लोखंडी दाराला चिकटली. ती ओरडली नाही. सरळ मागच्या मोरीकडे धावली आणि नळ सोडला. धार हातावर पडते न पडते तोच उस्तादाने तिला दंडाला धरून मागे ओढलं. नळ बंद केला, हात कोरडा पुसला, आणि समोर होता तो पावाचे साचे माखायचा ब्रश लोण्यात बुडवून हातावर फिरवला. कडेपासून कडेपर्यंत, कोपरा न सोडता, जसा साचा माखतात तसा. बोटातल्या अंगठीवरूनसुद्धा.

दुपारपर्यंत बोट वांग्यासारखं फुगलं. मग कुठे तिला दवाखान्यात नेलं. नर्सबाईंनी आधी अंगठी कापली. मग ते लोणी धुवायला घेतलं, तेव्हा सुनेने दुसऱ्या हाताने टेबलाची कड अशी धरली, की उस्तादाला वाटलं टेबल मोडणार. नर्सबाई बोलत होत्या ते सुनेला उद्देशून. लोण्याने उष्णता आत कोंडून राहते. वाहत्या साध्या पाण्याखाली हात चांगला वीस मिनिटं धरायचा, बर्फ नाही, पेस्ट नाही. सूज यायच्या आत अंगठी-बांगडी काढायची, फोड फोडायचा नाही, वर स्वच्छ कापड सैल टाकायचं आणि इतकं भाजलं असेल तर लगेच इकडे यायचं. एवढं सांगून त्यांनी मान वर केली.

"लोणी कुणी लावलं?"

अग्निशमन दलाच्या साहेबाचा हात बरा करणारा माणूस छतावरचा पंखा बघू लागला.

"मीच," सून म्हणाली.

जखम चिघळली आणि महिनाभर हात बांधलेला राहिला. आक्काला कळायचं ते कळलं, म्हणजे चुकीचं तेवढंच. भाजल्यावर जिला धड नळ सुचत नाही तिच्या हाती भट्टी देऊन दुकान जाळायचं आहे का, असं तिने भर दुकानात विचारलं आणि भट्टी सांभाळायला परगावच्या एका भाच्याला बोलावणं धाडलं. गिऱ्हाइकं सुनेला 'लोणीबाई' म्हणू लागली. सून डाव्या हाताने पाव बांधून द्यायची आणि हसायची. उस्ताद आत साचे माखायचा. हसणं त्याला ऐकू यायचं. जेवताना तिने वाढलेलं तो नुसतं चिवडत बसायचा, आणि ती विचारायची, "बाबा, मीठ कमी झालं का?" थापा तर पार बंद झाल्या. गल्लीला वाटलं, म्हातारा आजारी आहे.

भाचा यायच्या आदल्या दिवशी नर्सबाई पाव घ्यायला आल्या. दुकान भरलेलं. आक्काने गल्ल्यावरूनच ओळख करून दिली, ही बघा तुमची लोणीबाई. दुकान हसलं. सूनही हसली, आणि बांधलेला हात तिने हळूच पदराखाली घेतला.

उस्तादाने ते पाहिलं. तो हातातल्या ब्रशासकट बाहेर आला.

"लोणी मी लावलं. ती नळाखालीच उभी होती. मी ओढून आणली."

हसणारी गिऱ्हाइकं आपापल्या पिशवीतले पाव मोजू लागली.

"मला तेव्हाच कळलं होतं," नर्सबाई म्हणाल्या. "जखमेत या ब्रशाचा केस निघाला होता. शिवाय डाव्या हाताने स्वतःला असं नीटनेटकं कोण माखतं? मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही पंख्याकडे बघत होता."

उस्तादाला वाटलं, भट्टीत जाऊन बसावं. त्याने सुनेकडे पाहिलं.

"मला वाटलं होतं, दवाखान्याच्या दारातून बाहेर पडेपर्यंत तरी म्हणाल," ती हळू आवाजात म्हणाली. "मग वाटलं, घरी गेल्यावर म्हणाल."

आक्काने गल्ला बंद केला. मग धाकट्या भावाला साठी उलटल्यावरही ज्या नावाने हाक मारायची त्याच नावाने म्हणाली, "बारक्या, भाच्याला फोन कर. येऊ नको म्हणावं. का येऊ नको, तेही तूच सांग."

त्याने भर दुकानात फोन लावला. भाच्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे सगळं दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्याने.

आता भट्टीपासून चार पावलांवर नळ आहे. फडकी अजूनही कोरडीच. भट्टीसमोर सून उभी असते, आणि उस्ताद साचे माखतो. नवं गिऱ्हाईक विचारतं, उस्ताद, भट्टी का सोडली? पूर्वी या प्रश्नावर त्याने एक अख्खा साहेब पेटवून विझवला असता. आता तो ब्रश लोण्यात बुडवतो, वर पंख्याकडे नजर जाते, ती जाणूनबुजून खाली आणतो, आणि खरं काय ते सांगतो.