शेवटचा डबा जाईपर्यंत

फ्रिज घुर्र करून सुरू झाला, तशी कल्पिताने कानातले इअरफोन काढले, मांडीवरची साडी बाजूला सारली आणि स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचं बटणच बंद करून टाकलं. दूध नासलं तर नासू दे. दुपारी अडीच ते चार शिवानी झोपायची, तेवढीच काय ती घरात शांतता. आणि तेवढ्या वेळात तिला प्रीतमचा आवाज शोधायचा होता.

प्रीतम, तिचा नवरा, जाऊन अकरा महिने झाले होते. गेला डेंग्यूने, पाच दिवसांत, प्लेटलेट उतरत उतरत. पण कोपर स्टेशनजवळच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये अजूनही कोणी अर्धवट ऐकलेलं भेटायचं आणि आवाज खाली आणून विचारायचं, रुळावरच झालं ना ते, फोटोंचा नाद होता म्हणे त्यांना. आधी ती सगळं समजावून सांगत बसायची. आता नुसतं ‘नाही’ म्हणून जिना चढायची.

नाद मात्र होता, आणि साधासुधा नव्हता. लोक बारशाचे, सहलीचे फोटो काढतात. प्रीतम मालगाड्यांचे काढायचा. कोपरला खालून लोकल जातात आणि त्यांच्या डोक्यावरून दिवा-वसईची लाइन. त्या वरच्या लाइनवरून कंटेनर, कोळसा, लोखंडाच्या गुंडाळ्या असं काय काय दिवसभर जात असतं. रविवारी सकाळी पोळीभाजीचा डबा घेऊन तो जायचा, तो उन्हाने काळा होऊन दुपारी उगवायचा. कुठल्या गावच्या शेडचं इंजिन कुठे दिसलं यावरून त्यांच्या पाच-सहा जणांच्या ग्रुपमध्ये भांडणं व्हायची. “माझा वाढदिवस विसरशील, पण इंजिनाचा नंबर नाही विसरणार,” असं ती टोमणा मारायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

फोटोंपेक्षा व्हिडिओचं वेड जास्त. त्या व्हिडिओचा एक कडक नियम होता. लांबवर इंजिनाचा दिवा दिसला की कोणीतरी ओठांवर बोट ठेवायचं, आणि मग शेवटचा डबा जाईपर्यंत कोणी हूं की चूं करायचं नाही. हॉर्न, चाकांची धडधड, सगळं स्वच्छ यायला हवं. मध्ये माणूस बोलला की व्हिडिओ बाद. शेवटचा डबा गेला रे गेला की कॅमेरा बंद. हीच सवय त्याने घरातही आणली. शिवानीच्या पहिल्या वाढदिवसाला कॅमेरा त्याच्याच हातात होता. त्या व्हिडिओत टाळ्या आहेत, फुगा फुटल्याचा आवाज आहे, “अगं सुरी धर नीट” म्हणणारी कल्पिता आहे. तो नाही. लग्नाच्या व्हिडिओवर फोटोग्राफरने पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी चढवलेली. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हा गृहस्थ ‘निघालो’, ‘हो’, ‘कोथिंबीर आणू?’ एवढंच टाइप करायचा.

त्याचा आवाज कुठेच उरलेला नाही, हे तिच्या लक्षात आलं ते मागच्या आठवड्यात. स्टेशनवरून रिक्षाने येताना रिक्षावाला फोनवर कोणाशी तरी बोलत होता. घोगरा, जाडाभरडा आवाज. शिवानी त्याच्या पाठीकडे टक लावून बसली होती. खाली उतरल्यावर म्हणाली, “बाबा असाच बोलायचा ना गं?”

प्रीतमचा आवाज बारीक होता. फोनवर लोक त्याला मॅडम म्हणायचे आणि तो चिडायचा. नाही गं, बाबाचा वेगळा होता, असं कल्पिता म्हणाली खरी, पण मनातून चरकली. पोर चार वर्षांची. आज रिक्षावाला, उद्या टीव्हीतला कोणीतरी. बापाच्या जागी भलताच आवाज जाऊन बसेल, आणि एकदा बसला की उठायचा नाही.

तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या साड्यांना फॉल लावता लावता ती लॅपटॉपवरचे त्याचे व्हिडिओ ऐकत होती. चारशे बारा होते. तीनशे ऐंशी ऐकून झाले. डोळे टाक्यावर, कान गाडीत. कुठे कावळा ओरडायचा, कुठे दूर कोणी धुणं आपटायचं, मग हॉर्न, मग ती लांबच लांब धडधड, आणि ती संपता संपता सगळं बंद. एकदा तर तिने आवाज पूर्ण वाढवून त्याचा श्वास तरी ऐकू येतो का ते बघितलं. “मेल्याने श्वासही रोखून धरलाय,” ती पुटपुटली आणि जीभ चावली.

खरं दुखणं वेगळंच होतं. ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. लॅपटॉपवर आणखी एक फोल्डर होता, ‘खराब’ नावाचा. ज्यात कोणी बोललं, खोकलं, हसलं, ते सगळे व्हिडिओ त्यात. तो गेल्यावर दुसऱ्या महिन्यात लॅपटॉप भरला म्हणून कुरकुरायला लागला, तेव्हा तिने तो फोल्डर उघडूनही न बघता उडवला. लॅपटॉपच्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढून टाकला. चांगले तेवढे नीट राहावेत म्हणून. प्रीतमनेही हेच केलं असतं, असं वाटून त्या दिवशी तिला बरंसुद्धा वाटलं होतं.

शेवटी तिने देवेशला फोन केला होता. देवेश प्रीतमच्या ग्रुपमधला, नौपाड्यात चष्म्यांच्या दुकानात कामाला. कोणाकडे प्रीतम बोललेला एखादा व्हिडिओ आहे का, एवढंच तिने विचारलं. आज त्याची सुट्टी होती. तीन वाजता तो दारात उभा राहिला. बेल न वाजवता दारावर बोटाने टकटक केलं, म्हणजे दुपारी पोर झोपते हे त्याला माहीत होतं.

पाणी प्यायला, प्रीतमच्या फोटोकडे बघणं टाळत बसला. मग म्हणाला, “वहिनी, सगळ्यांना विचारलं. पण खराब व्हिडिओ कोण ठेवतं हो?”

“मीसुद्धा नाही ठेवले,” कल्पिता म्हणाली. पहिल्यांदाच ते तोंडातून बाहेर पडलं. फोल्डरचं सगळं सांगून टाकलं तिने. देवेशने मान खाली घातली.

मग त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला. “मी काढलेला एक आहे. ठाकुर्लीचा, दोन वर्षांपूर्वीचा. ते इंजिन पार बंगालकडच्या शेडचं होतं, परत कधी दिसलं नसतं, म्हणून खराब होऊनही टाकवला नाही. पण वहिनी, जास्त आशा ठेवू नका.”

तिने पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, इअरफोन काढून ठेवले आणि सवयीने साडी पुन्हा मांडीवर ओढली. पडद्यावर थंडीतली सकाळ, रुळांवर धुरकट हवा. दोन इंजिनं जोडलेली गाडी वळणावरून आली, हॉर्नने घराच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. डबे सुरू झाले. कल्पिता मोजत नव्हती, पण डबे संपत नव्हते. अखेर गार्डचा डबा दिसला, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळ कोणीतरी शिंकलं. बारीक, लागोपाठ दोनदा, मांजरासारखं.

तिच्या हातातली सुई थांबली. तोच. दुसरं कोणी असं शिंकत नाही.

व्हिडिओत हशा पिकला. “अरे अठ्ठावन्न डबे दम काढलास आणि शेवटच्याला माती खाल्लीस,” कोणीतरी ओरडलं. मग श्वास आत घेतल्याचा आवाज आला, बोलण्याआधी माणूस घेतो तसा. आणि पडदा काळा झाला.

“तुम्ही बंद केलात?” कल्पिताने विचारलं.

“शेवटचा डबा गेला होता ना,” देवेश म्हणाला. “हात आपोआपच जातो वहिनी.”

“काय म्हणाला तो नंतर?”

देवेशने खूप आठवायचा प्रयत्न केला. कपाळ चोळलं. कुठे उभे होते, कोणी चहा आणला होता, सगळं सांगितलं. तेवढंच नाही आठवलं. “काहीतरी बोलला. आम्ही अजून हसलो, एवढं नक्की.”

तिला राग यायला हवा होता. पण आठ वर्षं एका घरात काढलेल्या तिलाही, डोळे मिटून ऐकायला गेलं तर, शब्द आठवत होते, त्यांच्यातला आवाज नाही. हे तिला आत्ता कळलं, परक्या माणसासमोर, मांडीवर परकी साडी घेऊन.

आतल्या खोलीच्या दारात शिवानी उभी होती. गालावर उशीची घडी उमटलेली. गाडीच्या आवाजानेच जागी झाली असावी. कल्पिताने तिला जवळ घेतलं आणि सांगितलं, हा बघ, हा बाबा आहे. आणि पुन्हा लावलं.

शिंक ऐकून शिवानी खुदकन हसली. “परत,” म्हणाली. परत लावलं. तिसऱ्यांदा ती शिंकेच्या आधीच हसायला लागली, नाक चोळून स्वतःच दोनदा शिंकून दाखवलं. देवेशही हसला आणि चटकन खिडकीकडे वळला.

चौथ्यांदा ती हसली नाही. काळ्या पडद्याकडे बघत थांबून राहिली, गाडी अजून यायची असावी तशी. मग आईची हनुवटी धरून तिचं तोंड स्वतःकडे वळवलं.

“आई, शिंकून झाल्यावर बाबा काय बोलला?”