चौथ्या मजल्यावरचा रक्तदाब

"वरचा आकडा एकशे नव्वद. आता बघा," महाराजांचा सेवेकरी मच्छिंद्र माइकमध्ये म्हणाला, आणि धायरीतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये शे-दोनशे माणसं माना उंच करून यंत्राकडे बघू लागली. पुढे बसलेल्या बाईंनी फुलपात्रातलं पाणी पिऊन डोळे मिटले, जप केला, आणि पट्टा पुन्हा दंडावर चढला. एकशे सत्तर. पुन्हा जप, पुन्हा पट्टा, आणखी खाली. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी जलसिद्ध महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि पर्समधल्या प्रेशरच्या गोळ्या समोरच्या परातीत टाकून दिल्या. परात भरत आली होती.

"आम्ही काही करत नाही," महाराज म्हणाले. "शरीर म्हणजे पाणी. दाब म्हणजे पाण्याचाच दाब. आम्ही फक्त पाण्याला समजावून सांगतो."

पाणी खडकवासल्याचंच. नळातून आलं तर महापालिकेचं, महाराजांच्या मटक्यातून आलं तर सिद्ध. महापालिका ते समजावून न सांगता सोडते, एवढाच काय तो फरक.

मागच्या रांगेत प्रेमला बसली होती, शेजारी तिच्या सासूबाई सरुबाई. प्रेमला सदाशिव पेठेतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिचा नवरा जयसिंग गेल्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन गेला. तोही दर गुरुवारी इथं यायचा, आणि त्यानंही गोळ्या याच परातीत टाकल्या होत्या. तेव्हा ती भांडली होती, आणि "बघ की, उतरतंय ना?" म्हणत त्यानं तिला हसण्यावारी नेलं होतं. तो गेल्यावर मच्छिंद्र भेटायला आला, चहा प्यायला आणि जाता जाता म्हणाला, "शेवटी शेवटी गुरुवार चुकले हो त्यांचे." त्या दिवसापासून सरुबाईंनी एकही गुरुवार चुकवला नाही, आणि स्वतःच्या गोळ्याही बंद केल्या.

प्रेमलाला त्याचा रागसुद्धा आला नाही. ती कॉलेजात जायची, दूध घ्यायची, भाजी निवडायची. माणसं म्हणत, खंबीर आहे हो. खंबीर कसली, बधिर झाली होती बिचारी.

तिला हलवलं ते सिराजनं. तो जयसिंगचा शाळेपासूनचा दोस्त, आणि त्याच इमारतीत खाली त्याचं औषधांचं दुकान. "वहिनी, काकूंनी गेल्या दिवाळीपासून गोळ्या नेल्या नाहीत," तो म्हणाला. "अर्ध्या धायरीनं नेल्या नाहीत. मी वर जाऊन बोललो, तर विषय रक्तदाबाचा राहणार नाही. तुम्ही बोला."

"मी बोलून काय होणार?"

"काकू तरी राहतील," सिराज म्हणाला.

प्रेमलानं हो म्हटलं. म्हणून पुढच्या गुरुवारी ती वर्गात पेपर तपासायला बसावी तशी हॉलमध्ये बसली. गुरुवारी लिफ्ट बंद असायची, कारण पायऱ्या चढणं ही सेवा. महाराज तेवढे लिफ्टनं यायचे, त्यांना सेवेची गरज नव्हती. माणसं धापा टाकत वर आली की मच्छिंद्र लगेच पट्टा बांधायचा. मग पाणी, मग जप, मग प्रसाद, आणि दर खेपेला मोजणी. यंत्र तीन आकडे दाखवतं: वरचा दाब, खालचा दाब आणि नाडी. ज्याचं जे उतरेल तेवढंच मच्छिंद्र माइकवर सांगायचा, बाकीच्या दोन आकड्यांचं नावही काढायचा नाही. तिन्हींपैकी एक तर उतरतोच.

प्रेमला उभी राहिली. "महाराज, एक विनंती. एक मटका आपण सिद्ध करा, दुसरा तसाच राहू द्या. कुणाला कुठलं पाणी ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. पिणाऱ्याला कळू द्यायचं नाही."

"म्हणजे महाराजांची परीक्षा घेणार तुम्ही?" मच्छिंद्रनं विचारलं.

"हो. परीक्षा घेण्याचाच पगार मिळतो मला."

लोक हसले. महाराजही हसले, कारण न हसून भागणार नव्हतं. "घेऊ दे," ते म्हणाले. "विज्ञान हात जोडून आलंय, त्याला परत कशाला पाठवायचं?"

पुढल्या गुरुवारी मटके मच्छिंद्रनंच पडद्याआड ठेवले, ग्लासही त्यानंच भरले, म्हणजे उद्या तिच्यावर आळ नको. प्रत्येकाचे तिन्ही आकडे दर खेपेला प्रेमलानं टिपले. शिवाय खाली पार्किंगमध्ये गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या खुर्च्यांवर बसायच्या. त्यांना जिना झेपायचा नाही, म्हणून त्यांच्यासाठी सिद्ध पाण्याचा तांब्या खाली जायचा. त्यांची मोजणी त्याच वेळांना सिराजनं केली.

आठवडाभर ती कॉलेजच्या संगणकासमोर बसली. एकाच माणसाचे पुन्हा पुन्हा घेतलेले आकडे, तेही तीन तीन प्रकारचे, सुटे सुटे बघायचे नसतात. सगळे एकत्र धरून गटाची गटाशी तुलना करायची असते. या विद्येला बहुचल विश्लेषण म्हणतात, पण सरुबाईंपुढे ते नाव घेऊन उपयोग नव्हता. पुढच्या गुरुवारी तिनं हॉलच्या दारातला रांगोळीचा डबा उचलला आणि फरशीवर ठिपके काढायला घेतले.

"चढून आल्यावरचा हा ठिपका. पाण्यानंतरचा हा, जपानंतरचा हा, प्रसादानंतरचा हा," ती म्हणाली. आवाज वर्गातला होता, सपाट. "ही पांढरी रेघ सिद्ध पाण्याची. ही लाल साध्या पाण्याची. हा वरचा दाब. खालच्या दाबाचं आणि नाडीचंही असंच."

दोन्ही रेघा जोडीनं उतरत होत्या. दोन बहिणी हात धरून घाट उतराव्यात तशा, पुढे नाही, मागे नाही.

"पाण्यात गुण असता तर पांढरी जास्त उतरली असती. रेघा समांतर आहेत. म्हणजे उतरवलं पाण्यानं नाही."

महाराज डोळे मिटून म्हणाले, "साध्या मटक्यावरही आमची दृष्टी पडली. सगळ्यांचंच उतरलं. कृपा."

हॉलमध्ये पुन्हा हात जोडले जाऊ लागले. प्रेमलानं पिवळी रांगोळी घेतली.

"ही खालच्या आजींची. पाणी सिद्ध, जपही केला, जिना मात्र चढल्या नाहीत." पिवळी रेघ पहिल्यापासून शेवटपर्यंत आडवी गेली. "यांचं काहीच उतरलं नाही. जिना चढला की दाब चढतो आणि बसलं की उतरतो, कुणाचाही. चढवला जिन्यानं, उतरवला बसण्यानं. आणि बघा, पांढरी आणि लाल उतरून शेवटी कुठे आल्या. पिवळीपाशीच. तुमचा खरा दाब तेवढा आहे, आणि तो फार आहे. आपण सगळे उतरताना बघत होतो. उतरून कुठे थांबला, हे कुणी विचारलंच नाही."

सरुबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. "माझा कुटं थांबला?"

"एकशे ऐंशीच्या वर, आई."

"आन् जयसिंगचा?"

प्रेमला खाली वाकली. तिनं पिवळ्या रेघेच्याही वर बोट ठेवलं.

"त्यांचे गुरुवार चुकले हो आजी," मच्छिंद्र घाईनं म्हणाला. "नाहीतर आज ते—"

"चुकले," सरुबाई म्हणाल्या. "का चुकले ठावं हाय का तुला? डोस्कं फुटाय आलं व्हतं त्याचं. मी बाम चोळत बसले व्हते उशापाशी. जिना चढवंना म्हणून आला न्हाय त्यो. आजारी पडला म्हणून गुरुवार चुकला रं. तू उलटं सांगितलंस, आन् मी वरीसभर खरं मानलं."

मच्छिंद्रनं महाराजांकडे पाहिलं. महाराज पाण्याला काहीतरी समजावून सांगत होते.

प्रेमलाच्या हातातली रांगोळी सांडली. तिला राग आला होता. वर्षभरात पहिल्यांदा तिला काही वाटलं, आणि ते इतकं जोरात आलं की तिला खाली बसावं लागलं. ती तिथंच, स्वतः काढलेल्या रेघांवर बसून रडली. आतापर्यंत दाराशी उभ्या असलेल्या सिराजनं तिच्यापाशी पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि सरुबाईंना म्हणाला, "काकू, परातीतल्या गोळ्या नका घेऊ. आधी डॉक्टरांकडे जाऊ, आत्ताच."

"जाऊ," सरुबाई म्हणाल्या. पण आधी त्या पुढे गेल्या आणि मच्छिंद्रच्या हातातला माइक त्यांनी काढून घेतला. त्यानं सोडला.

"बायांनो, ही शिकल्याली हाय, हिला रेघा कळत्यात. आपल्याला न्हाय कळत, तरी तोंड हाय. गुण आला म्हणत्यात तवा इचारा, ज्यानं ते पानी प्यालं न्हाय त्याचं काय झालं. आन् हितं यायचा जो बंद झाला, त्याच्या घरी जाऊन बघा. त्यो जित्ता व्हता तवर माझ्या घरी कुनी आलं न्हाय."