पान एकेचाळीस

मित्रांनो, मी भिलाईतून निघणाऱ्या एका वैद्यकीय त्रैमासिकाचा नऊ वर्षांपूर्वीचा जुना अंक आहे. एका रुग्णालयाच्या ग्रंथालयात राहतो. मला वाळवीची भीती वाटत नाही. माझ्याच एकेचाळिसाव्या पानाची वाटते.

माझा जन्म सोपा नव्हता. माझ्यासाठी बेचाळीस लेख आले, छापले गेले सात. प्रत्येक लेख लेखकाचे नाव झाकून दोन तज्ज्ञांकडे जाई. लहान मुलांच्या फिटवरच्या लेखाला नागपूरच्या एका तज्ज्ञाने अकरा प्रश्न विचारले. उत्तरे द्यायला लेखकाला पाच महिने लागले, मगच लेख मंजूर झाला. म्हणून डॉक्टर म्हणत, "यात आलंय ना, मग बघायला नको." तेव्हा माझी छाती फुगायची. आता तेच वाक्य ऐकले की धडकी भरते.

कारण चूक तपासणीनंतर झाली. छापखान्यात एकेचाळिसाव्या पानावरचा औषधाच्या डोसचा तक्ता पुन्हा जुळवताना दोन रकान्यांची शीर्षके उलटसुलट झाली. मोठ्यांचा डोस मुलांच्या नावाखाली गेला. तिप्पट. अंक वाटल्यावर संपादकांच्या ते लक्षात आले. त्यांनी अंकात ठेवायला शुद्धिपत्राची गुलाबी चिठ्ठी पाठवली, पुढच्या अंकातही दुरुस्ती छापली. पण मी वर्षाचा शेवटचा अंक. पुढचा अंक दुसऱ्या वर्षाच्या बांधणीत गेला. बाइंडर हिरालाल नेहमीच्या पद्धतीने जाहिराती आणि सुटे कागद काढून टाकत. त्यांनी आम्हा चार अंकांना एका पुठ्ठ्यात शिवले. चिठ्ठी गेली, पान राहिले.

आज दुपारी मुलांच्या वॉर्डातली जया सिस्टर चार्टपेपर घेऊन आली. ग्रंथपाल सिंधुताईंनी चष्म्यावरून पाहिले.

"आज चित्रकला हाय का वो?"

"फिटच्या औषधाचा तक्ता लावाचा हाय, ताई. चार नंबरच्या गुंजनले सकाळपासून दोनदा फिट आली. घाईत कोणाले आकडा आठवत नाही."

"मोबाईलवर कावून नाही पाहत?"

"तिथं दहा जण दहा सांगून राहिले. तुमच्या पुस्तकात छापलं म्हणजे पक्कं."

तिने मला उघडले. पान मिटू नये म्हणून वर पेपरवेट ठेवले. लाल पेनने 'मुले' असे लिहून ती एकेक आकडा उतरवू लागली. गुंजन तीन वर्षांची. तिचे वडील देवीदास, रिसालीहून आलेले, दाराबाहेरच्या बाकावर बसले होते. मित्रांनो, मला सगळे ठाऊक होते आणि बोलता येत नव्हते.

चौथ्या ओळीवर पेन थांबले.

"ताई, लेकराले बापापेक्षा जास्त डोस? ये कैसे?"

सिंधुताई उठल्या. "पेन ठेव खाली. याच्यात गुलाबी चिठ्ठी होती. मीच ठेवली होती मायच्यान."

त्यांनी मला उलटे धरून झाडले. काही पडले नाही. मग खालच्या फळीवरून पुढच्या वर्षाचा खंड काढला. पहिल्याच पानावर दुरुस्ती होती.

जयाने चार्टपेपर फाडला. "भिंतीवर लावलं असतं, तं?"

"लावलं नाही ना. बरोबर आकडे घे अन् जाय गुंजनपाशी."

मला वाटले, सुटलो. पण सिंधुताईंनी झेरॉक्सची वही काढली आणि बोट फिरवत मागे मागे गेल्या. सहा वर्षांपूर्वीची एक नोंद सापडली: पान एकेचाळीस, एक प्रत, डॉ. ममता, बोरसी. नोंदीशेजारी लिहिलेला फोन नंबर लावला. तो नंबर आता अस्तित्वात नव्हता.

त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली आणि या वेळी पानांमध्ये सुटी ठेवली नाही, चुकीच्या तक्त्यावर चारही बाजूंनी चिकटवली. दुरुस्तीची प्रत पर्समध्ये घातली, ग्रंथालयाला कुलूप लावले आणि बोरसीला निघाल्या.

तो कागद सहा वर्षे कुठे असेल? टेबलाच्या काचेखाली की भिंतीवर? त्याचीही कोणी प्रत काढली असेल का? मित्रांनो, एवढे करा. एखाद्या दवाखान्यात मुलांच्या औषधाचा छापील तक्ता दिसला, तर त्याचा खालचा कोपरा वाचा. तिथे पान एकेचाळीस असेल, तर लगेच तिथल्या डॉक्टरांना सांगा. लाजू नका. जयानेही विचारलेच होते.

कपाटाच्या बंद काचेतून मला दार दिसते. सिंधुताई अजून परतल्या नाहीत.