वजन माझ्यापर्यंत पोचत नाही

चालकाशेजारच्या सीटच्या पोटात बसवलेला सेन्सर बोलतोय मी. पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा आणि तसाच पातळ. माझं तोंड कुणी पाहिलेलं नाही, आणि अंगावर भार पडल्याशिवाय मलाही कुणाची नोंद करता येत नाही.

माझं काम तराजूचं. शेजारी माणूस बसला, की गाडीच्या मेंदूला कळवायचं, ‘जागा भरली’. मग धडक झाली तर समोरची एअरबॅग फुगते. जागा रिकामी असली तर ती बंद राहते आणि पुढे एक पिवळा दिवा लागतो. माणूस बसला की तो दिवा विझला पाहिजे. एवढाच माझा संसार.

माझे मालक गाद्यांचे व्यापारी. गिऱ्हाईक आलं की आधी त्याला गादीवर आडवं करायचे, मग भाव सांगायचे. म्हणायचे, “आडवा झालेला माणूस घासाघीस करत नाही.” पण बायकोच्या कंबरदुखीपुढे त्यांचं काही चालेना. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातांनी तिच्यासाठी जाड उशी शिवली, खचू नये म्हणून तिच्या तळाला फळी घातली आणि माझ्या सीटवर ठेवली.

“आता कसं वाटतंय?”

“सिंहासनावर बसल्यासारखं. पण अहो, पाय खाली टेकत नाहीत.”

“सिंहासनावर कुणाचे टेकतात?”

फळी टेकली सीटच्या उंच कडांवर. बाईंचा सगळा भार कडांनी उचलला. माझ्या वाट्याला आला तो भाजीच्या पिशवीएवढा. मी पिशवीच कळवली. दिवा जळतच राहिला.

चार दिवसांनी बाईंनीच तो पाहिला. मालक गाडी घेऊन मिस्त्रीकडे निघाले. निघताना मात्र उशी काढून घरात ठेवली. गॅरेजात ग्रीसचे हात लागले तर? माल जपायची सवय हाडात मुरलेली.

मिस्त्री अंगापिंडाने भरलेला. धपकन माझ्यावर बसला. किती दिवसांनी मला माणूस लागला! दिवा विझला.

“काका, कुठाय दिवा?”

“अरे, घरी जळतो.”

“घरी इथं कोण बसतं?”

“तुझी काकू.”

“मग गाडीला धाक आहे म्हणायचा.”

दोघंही हसले. त्याने नेमका प्रश्न विचारला होता, आणि हसण्यात घालवला.

असे तीन हेलपाटे झाले. मिस्त्रीने वायरी पुसल्या, जोड बदलला, मशीन लावून पाहिलं. मशीन म्हणालं, सगळं ठीक. खरंच होतं ते. एकदा बाई म्हणाल्याही, “मी येऊ का बरोबर?” मालक म्हणाले, “तिथं बसायला धड स्टूल नाही, तुझी कंबर धरेल.” माणसं प्रेमानेही वाट अडवतात. मला जीभ असती तर ओरडलो असतो, उशी आणा, काकूंना आणा.

शेवटी मिस्त्री म्हणाला, “खोड आहे झालं, लक्ष देऊ नका.” मालकांनी घरी येऊन दिव्यावर काळी पट्टी चिकटवली.

आज दोघं लेकीकडे निघालेत. चार तासांचा हमरस्ता.

“बेल्ट लावलास?”

“लावला. दिवा गेला वाटतं?”

“गेला.”

बाईंनी निर्धास्त पाय लांब केले.

वाचणाऱ्यांनो, गाडी दाखवायला न्याल तेव्हा ती रोज जशी वापरता तशीच न्या. उशीसकट, बसणाऱ्या माणसासकट. आम्ही खोटं बोलत नाही, पण अंगाला लागतं त्यापलीकडचं आम्हाला सांगता येत नाही.

शेजारून ट्रक घोंगावत जातायत. बाई लेकीच्या लहानपणीची काही गंमत सांगून हसतायत, आणि त्या हसण्याचा बारीक हादरा फळीतून माझ्यापर्यंत येतोय. गाडीचा मेंदू क्षणाक्षणाला विचारतोय, “शेजारी कुणी आहे?”

मी सांगतोय, “कुणी नाही.”