तीन हजार खोटी विश्वं

"नऊच ना गं? परत एकदा सांग, कानाला बरं वाटतं!" प्रोफेसर एंडेल दारातूनच म्हणाले.

माइमूनं हातातला कागद टेबलावर पालथा ठेवला. तार्तू शहरातल्या वेधशाळेत एकतीस वर्षं ती त्यांच्यासाठी आकडेमोड करत आली होती, पण आजचा आकडा सांगणं तिच्या जिवावर आलं होतं.

शेजारच्या देवयानी दीर्घिकेभोवतीच्या छोट्या दीर्घिका बहुतेक एकाच बाजूला गोळा झाल्यात आणि संगणकात घडवलेल्या विश्वांना हे जमत नाही, असं एंडेल बावीस वर्षं सांगत होते. लोक हसायचे. शुक्रवारी तीन हजारांपैकी फक्त नऊच विश्वं तशी निघाली आणि म्हातारा हवेत तरंगायला लागला. उद्या त्या हसणाऱ्यांसमोरच भाषण होतं.

"प्रोफेसर, बसा आधी."

"बसायला वेळ कुणाला आहे?"

"आपलं चुकलं. खऱ्या आकाशाचा एक पट्टा धुळीनं झाकलेला असतो, तिकडच्या छोट्या दीर्घिका दिसतच नाहीत, म्हणून उरलेल्या एकाच बाजूला भासतात. संगणकातल्या मात्र आपण सगळ्या मोजल्या. काल बटाटे सोलताना ध्यानात आलं. तेवढाच पट्टा झाकून आज पहाटे पुन्हा मोजलं."

"किती?"

"चारशे बारा."

म्हणजे काहीच नवल नाही. असं तर सातात एकदा होतंच. एंडेल खुर्चीत बसले. अंगातला कोट काढायचंही त्यांना सुचलं नाही.

"उद्यापर्यंत गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"दुसऱ्या कुणी भर सभेत दाखवलं असतं, तर मला सहन झालं नसतं."

"वैरीण आहेस माझी."

"असेन. कॉफी आणू?"

"आण. साखर जास्त घाल, आज पथ्य नको." मग खालच्या आवाजात म्हणाले, "तू दोनदा तपासलंस ना?"

"चारदा."

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. पडद्यावरची चित्रं पुढे सरकवायला माइमू नेहमीसारखी कोपऱ्यात बसली.

"बावीस वर्षं मी ज्याला नवल म्हणत होतो, ते नवल नाही," एंडेल म्हणाले. "ही चूक माझी. ती पकडली माइमू पार्निट्स यांनी. त्या तिथे बसल्यात."

कुणीच हसलं नाही. सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या.

"पुढचं चित्र," एंडेल म्हणाले.

माइमूला डोळ्यांतल्या पाण्यामुळे बटण दिसत नव्हतं. एंडेलनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. हात मागे बांधून ते थांबून राहिले.