चादरीआडची हनुवटी

घोडबंदर रोडवरच्या रुग्णालयात सरोजताई पडून होत्या. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला होता, वाचा जड झाली होती. पण त्यांना जाळत होती ती हनुवटी. पाळी थांबल्यापासून तिथे राठ केस येत. रोज सकाळी न्हाणीघराची कडी लावून, खिडकीच्या उजेडात, त्या एकेक केस चिमट्याने मुळापासून उपटत. घरात कुणाला पत्ता नव्हता. इथे त्यांनी डाव्या हाताने प्रयत्न करून पाहिला. केसाऐवजी कातडीच चिमट्यात आली आणि रक्त निघाले. तेव्हापासून चादर नाकापर्यंत ओढली ती ओढलीच.

"आजी, नव्या नवरीगत तोंड काय झाकताय?" वॉर्डातल्या आया हौसाबाई हसल्या. "आजोबा यायचेत व्हय?"

धास्ती त्यांचीच होती. टेंभी नाक्याला राहत असताना नवऱ्याने, आनंदरावांनी, ओठांवर लव असलेल्या शेजारच्या एका बाईंना 'फौजदार' असे नाव ठेवले होते. ताटावर बसलेले सगळे हसले होते. सरोजताईही हसल्या होत्या.

सून नीरजा पेज घेऊन आली, की सरोजताई दात आवळून घेत. खायचे तर चादर खाली करावी लागणार. सकाळी तेच झाले, दुपारीही तेच.

"गिळता येत नसावं," डॉक्टर म्हणाले. "संध्याकाळी नाकातून नळी घालू."

सरोजताईंनी जिवाच्या आकांताने मान हलवली. घशातून नुसता घरघराट उमटला.

"बघा, अन्नालाच नको म्हणतायत," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खोलीकडे वळले.

नळी घालायची म्हणजे चादर निघणार. भगभगीत दिव्याखाली, सगळ्यांदेखत.

संध्याकाळी नीरजा खाटेच्या कडेला बसली. वाटीतली पेज तिने चमच्यात घेतली. "आई, माझा राग आलाय का? माझ्या हातचं नकोय का तुम्हाला? बाबा खाली पार्किंगमध्ये आलेत. ते आल्यावर लगेच डॉक्टर नळी घालणार आहेत हो! एक चमचा घ्या, पाया पडते तुमच्या."

सरोजताईंचे डोळे भरून आले. डाव्या हाताने त्यांनी चादर खाली ओढली, डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडले.

चमचा हवेतच थांबला. पांढरेकाळे खुंट, त्यांत सुकलेले रक्त. नीरजा पाहतच राहिली. मग कोमट पेज जिभेवर आली आणि सरोजताईंनी ती गिळली.

"दा... र," त्या कशाबशा म्हणाल्या.

नीरजा धावली. तिने दार लोटले तोच बाहेरून टकटक झाली, पाठोपाठ आनंदरावांचा आवाज.

"अगं, मी आहे. घातली का नळी?"

"नाही, बाबा. खातायत त्या." नीरजाने पाठीने दार रेटून धरले. "पण मी बोलावल्याशिवाय आत येऊ नका."